पौष अमावास्येच्या ग्रहणाची आणि घरोघरच्या बंबांची बखर

जे तेज डोळ्यांस दिसते आणि जे तारेतून न दिसता वाहते, त्या दोहोंस प्रथम दंडवत. राज्यस्थापनेचे वर्ष एकसष्टावे, पौष वद्य अमावास्या, मंगळवार, ते दिवशी खग्रास सूर्यग्रहण लागले आणि तरीही राज्यातील दिवे राहिले, ते कसे राहिले आणि कोणाच्या हाते राहिले, त्याची हकीकत लिहिली ती ऐसी. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एक नदी, एक पठार, थोडे डोंगर आणि नऊ लक्ष घरे, एवढे ते राज्य. तेथे वीज करण्याची पाच ठाणी होती. सूर्यमहाल, तो माळावर काळ्या काचा पसरून बसलेला, दिवसा देई आणि सांज होताच निजे. पवनमहाल, तो पठारावर, आषाढात उदार आणि पौषात हात आखडून. जलमहाल, तो धरणाच्या पायथ्याशी, हाक मारताच उठे, परंतु त्या साली पाऊस थोडा जाहला होता म्हणोन पाणी जपून सोडावे लागे. अणुगड, तो अबोल, रात्रंदिवस सातशे मेगावॅट देई, न एक अधिक न एक उणा. आणि कोळसेगड, चार भट्ट्यांचा, सर्वांत वडील, ज्याने चाळीस वर्षे राज्य उजळिले आणि तितकीच वर्षे खालच्या गावांवर राख पाडिली. पहिली तीन ठाणी रोजचे आलेले रोज वापरणारी, आज वापरले तरी उद्या पुन्हा येणारे. पुढली दोन जमिनीत पुरलेले उकरून चालणारी, आणि ते सरले की सरले. एवढा भेद ध्यानी ठेविला म्हणजे पुढील मजकूर समजेल.

या पाचांचा मेळ राखण्यास तोलदार म्हणोन हुद्दा होता आणि तो त्या साली द्वारकाबाईंकडे होता. वय सव्वीस, पदार्थविज्ञान शिकलेल्या, नजर बारीक, आणि आकडा दशांशापर्यंत लागल्याखेरीज चैन न पडणाऱ्या. त्यांचे काम सांगावयास सोपे आणि करावयास कठीण. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेविता येत नाही. बॅटरीघर एक होते, परंतु ते घोटभर. घरोघरी जितकी मागतील तितकी त्याच क्षणी ठाण्यांनी करावी लागते. सर्व ठाणी एका तालावर चालतात, सेकंदास पन्नास ठोके, आणि तो ताल दाखविणारा काटा राज्यात कोठेही पाहावा तरी सारखाच दिसतो. मागणी वाढून वीज उणी पडली की चक्रांवर ओझे येते, ताल मंदावतो आणि काटा पन्नासाखाली उतरतो. एकोणपन्नासाखाली गेला की तारा आपोआप तुटू लागतात, पेठेमागून पेठ अंधारी होते, आणि कोणत्या पेठेत दवाखाना आहे हे तारेस कळत नाही. तेव्हां काटा पन्नासावर ठेवावा आणि ठेविला हे कोणाच्या ध्यानीही येऊ नये, ऐसी ही चाकरी. बाई ती मनापासून करीत.

मग जाहले ऐसे की दिवाण जिवाजीपंत यांनी दरबारात विषय काढिला की सूर्यमहाल आता थोरला जाहला, कोळसेगड बंद करावा, खालच्या गावांचा खोकला थांबवावा. हेतू चांगला होता आणि बाईंचा हेतूही तोच होता. त्या गावांतील शाळांतून बाई स्वतः धूळ मोजून आल्या होत्या आणि फळ्यावर बोटाने रेघ ओढता येते हे पाहून आल्या होत्या. परंतु पंतांस चांगले काम वाजवून करण्याची हौस. ते म्हणाले, गड ग्रहणाच्याच दिवशी बंद करावा, म्हणजे सूर्य झाकला असताही कोळशावाचून दिवे जळतात हे शेजारच्या राज्यांनी पाहावे. महाराजांनी तोलदारांस पुसिले. बाईंनी आठ दिवस बसून हिशेब केला. चंद्राची सावली कोणत्या मिनिटास कोणत्या माळावर येते हे मांडिले, स्पर्श दुपारी तीनास, मध्य चार वाजून दहा मिनिटांनी, मोक्ष पाच वीसला. मध्यास सूर्यमहाल शून्य देईल, हवा गार पडून वाराही मंदावेल, हेही धरिले. लोक सुटी घेऊन घरी बसतील, म्हणोन तेव्हां मागणी सतराशेच. मोक्षानंतर दिवेलागणीची मागणी दोन हजार, आणि कोळसेगड सोडून बाकी सर्वांची बेरीजही दोन हजार. काठोकाठ, पण पुरेसे. मग बाईंनी कागद लिहिला की ग्रहणाचे दिवशी कोळसेगडाविना राज्य तरेल, खाली तोलदारीचा शिक्का केला, आणि भर दरबारात बोलिल्या की कागद खोटा ठरला तर हा शिक्का हुजुरांच्या पायाशी आणून ठेवीन. सगळ्यांनी वाहवा केली.

अमावास्येस सकाळी दहाचे सुमारास बाई भट्ट्या निवविण्याचा हुकूम घेऊन कोळसेगडावर गेल्या. तेथील किल्लेदार हैबतराव, वय अठ्ठावन्न, छाती रुंद आणि छातीत चाळीस वर्षांचा धूर, दोन वाक्यांमागे एकदा खोकणारे. दारातच उभे होते. म्हणाले, "या बाईसाहेब. सुरी बरोबर आणलीत की आमच्याच घरची द्यावी?" मग स्वतःच हसले आणि त्यांस आत नेऊन भट्ट्या दाखविल्या. भट्टी एकाएकी विझवीत नाहीत, तशी विझविली तर पाण्याच्या नळ्या फुटतात, म्हणोन पहिली आणि दुसरी त्यांनी हुकूम निघताच तीन दिवसांपूर्वी निवू दिली होती आणि आता त्यांस हात लावता येत होता. तिसरी आणि चौथी धगधगत होत्या, त्यांचा कोळसा दुपारी बारास बंद करावयाचा होता. हैबतरावांस दुःख नव्हते ऐसे नाही, पण कामात कसूर नव्हती. जाता जाता त्यांनी मेजावरला एक खडा बाईंच्या हाती दिला. खाणीच्या दगडाची चपटी कपची, आणि तीवर नेच्याचे पान उमटलेले, शिरा आणि शिरांच्या फाट्यांसकट. बाईंनी ती उजेडात तिरकी करून पाहिली आणि पुष्कळ वेळ खाली ठेविली नाही. म्हणाल्या की किल्लेदार, हे पान कोट्यवधी वर्षांपूर्वी उन्हात उभे होते, तुमच्या भट्टीत जळते तेही ऊनच आहे, फक्त ते एकदाच खर्चता येते. हैबतराव बोलिले, "मग आम्हीही सूर्यमहालातलेच निघालो की. पंतांना कळवा, निदान नातेवाईक म्हणून तरी बोलावतील."

तेथून गडावरील घरी गेले. हैबतरावांच्या पत्नी सगुणाकाकू ओसरीवर उभ्या राहून गडकऱ्यांच्या बायकांस कामे वाटीत होत्या. बाई पहाटेपासून उपाशी होत्या, आणि किल्लेदारांचे घर म्हणजे पान वाढलेच असेल ऐसे मनात धरून बसल्या. काकूंनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "बाळ, पाणी पी. जेवायला आता मोक्षानंतर. पहाटेपासून वेध लागलेत, चूल बंद आहे." मग त्या पुन्हा बायकांकडे वळल्या आणि सांगू लागल्या की मोक्ष होताच सर्वांनी बंब लावा, सगळ्यांची न्हाणी झाली पाहिजेत, टाक्यांतले पाणी आज सकाळचे आहे ते सगळे ओतून द्या आणि पंप लावून नवे भरा, आणि न्हाऊन आल्या आल्या शेगड्या पेटवा, पोरे दिवसभर उपाशी आहेत. बाई ऐकत होत्या. हाती तांब्या तैसाच राहिला. त्यांनी पुसिले की काकू, हे तुम्ही करता की सगळेच करितात. काकूंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिले. म्हणाल्या, "म्हणजे काय? तुमच्यात नाही करत?"

आता येथे सांगितले पाहिजे की द्वारकाबाईंचे वडील वेधशाळेत होते. ग्रहण आले की ते काजळी धरलेली काच घेऊन लेकीस गच्चीवर नेत आणि घरात त्या दिवशी मुद्दाम खीर होई. बाई ग्रहण पाहणाऱ्या घरात वाढल्या, पाळणाऱ्या घरात नव्हे. लोक ग्रहणात घरी बसतात हे त्यांस ठाऊक होते, ग्रहण सुटल्यानंतर घरात काय होते हे ठाऊक नव्हते. चंद्राची सावली त्यांनी मिनिटावर मोजिली आणि नऊ लक्ष न्हाणीघरे मोजावयाची राहिली. हैबतरावांस विचारिले की मागल्या खग्रासाच्या वेळी काय जाहले. ते आठवून म्हणाले की काहीच नाही, तेव्हां बंबात लाकडे घालीत आणि पाणी आडातून शेंदीत, विजेला त्याचे काय. आणि बोलता बोलता तेच थांबले. कारण गेल्या दहा वर्षांत राज्याने मोठ्या कौतुकाने घरोघरी विजेचे बंब, विजेच्या शेगड्या आणि पाण्याचे पंप दिले होते. धूर गेला होता. बायकांचे डोळे वाचले होते. आणि पौषातल्या थंडीत गार पाण्याने न्हाणारा माणूस विरळा.

बाईंनी ओसरीवरच मांडी घालून कागद घेतला. तीन लक्ष बंब, एकेकाचे दोन किलोवॅट, म्हणजे सहाशे मेगावॅट. शेगड्या तीनशे. पंप दीडशे. सगळे एकाच क्षणी लागणार नाहीत, दोन तृतीयांश धरावे, तरी सातशे. मोक्षाला सूर्य मावळतीस टेकलेला, त्याच्याकडून काही यावयाचे नाही. दोन हजार हाती असता सत्तावीसशे मागितले जाणार. बाईंनी हिशेब दुसऱ्यांदा केला, मग उलट्या बाजूने तिसऱ्यांदा केला, आणि आकडा हलेना. मग त्यांनी पुसिले की पहिली आणि दुसरी भट्टी मोक्षापर्यंत पेटेल काय. हैबतराव बोलिले की थंड भट्टीला वाफ धरावयास चौदा तास लागतात, आपल्याकडे सात आहेत. म्हणजे उरल्या दोन, एकेकीच्या दोनशे दहा. चारशे वीस मिळाले तरी दोनशे ऐंशी कमीच. आणि त्या दोन भट्ट्या विझविण्याचा हुकूम बाईंच्याच बटव्यात होता, बाईंच्याच शिक्क्याचा.

बाईंपुढे दोन वाटा होत्या. गप्प राहावे आणि लोक थोडे न्हातील अशी आशा धरावी. अथवा सांगावे. त्यांनी क्षणभर हुकुमाकडे पाहिले आणि दूरध्वनी मागविला. प्रथम फोनवर दिवाण जिवाजीपंत आले. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाई, ग्रहण आकाशात लागायचंय. तुम्ही न्हाणीघरात कुठे शिरलात?" बाई म्हणाल्या, "भार तिथेच आहे, पंत." पंतांनी नाना परीने समजाविले की शेजारच्या राज्यांचे वकील सदरेवर येऊन बसले आहेत, आता माघार घेतली तर हसे होईल, आणि बायकांच्या बोलण्यावर राज्याचा बेत फिरवावा हे कोठले विज्ञान. बाईंनी उत्तर केले की मोजावयाचे राहिले ते मोजणे हेच विज्ञान, आणि फोन हुजुरांकडे देण्यास सांगितले. महाराज आले. बाई बोलिल्या, "महाराज, माझा कागद चुकला. चूक सातशे मेगावॅटची आहे. दोन भट्ट्या चालू ठेवण्याची परवानगी असावी, आणि दवंडी माझ्या नावाने द्यावी." महाराजांनी आतल्या अंगास काही विचारिल्याचे ऐकू आले. परत येऊन म्हणाले, "आईसाहेबांनी मोक्षाला वाड्यातले अकरा बंब लावायला सांगून ठेवलेत. आम्हांला हे आत्ता कळतंय. भट्ट्या चालू ठेवा." येणेप्रमाणे बारास विझावयाच्या भट्ट्या विझल्या नाहीत. हैबतरावांनी हुकुमाची घडी केली आणि चष्म्याच्या घरात ठेविली.

राहिले दोनशे ऐंशी. बाई म्हणाल्या की लोकांस विनंती करू की आज न्हाऊ नका. काकूंनी हात जोडिले. म्हणाल्या, "असं काही लिहू नकोस गं. दरबारानं न्हाऊ नका म्हटलं की न न्हाणारेही न्हातील." मग त्याच पुढे म्हणाल्या की घाई न्हाण्याची नसते, घाई भुकेची असते, तेव्हां पाळी लाव, पाळीला कोणी नाही म्हणत नाही, लग्नाच्या पंगतीतही बसतातच की. नदीच्या पूर्वेच्या पेठांनी मोक्ष होताच न्हावे, पश्चिमेच्यांनी तासाने. आजारी, बाळंतिणी आणि लेकुरे यांना वेधच नाहीत, त्यांनी केव्हांही खावे. बाईंनी टाक्यांचे पुसिले. काकू विचारात पडल्या. "आमच्यात ओततात. पण माझ्या माहेरी पाण्यात तुळशीपत्र घालीत, की पाणी चालतं. माझी आई नव्वद वर्षं जगली, तिला कोणी काही म्हटलं नाही. तुळशीपत्र घाला म्हणून सांग, पंप उद्या लावतील." बाईंनी मांडिले. पंप गेले, शंभर वाचले. न्हाणी दोन पाळ्यांत गेली, दोनशे वाचले. म्हणजे वीस मेगावॅट शिल्लक. वीस म्हणजे काही नव्हे, परंतु शून्याच्या वरचे होते. मग दवंडी काकूंनी सांगितली आणि बाईंनी लिहिली, आणि पहिले वाक्य मात्र बाईंचे स्वतःचे होते की, तोलदाराचा हिशेब चुकला आहे आणि तो सांभाळून घेण्यास आपणां सर्वांची मदत पाहिजे. पंतांनी हे वाक्य गाळण्याविषयी दोनदा निरोप पाठविला. बाईंनी गाळिले नाही. दुपारी एकपासून ती दवंडी भोंग्यांवरून, आकाशवाणीवरून आणि लोकांच्या हातांतील फोनांवरून नऊ लक्ष घरी गेली.

मग तीनास स्पर्श जाहला. उन्हाची धार बोथट होत गेली, सूर्यमहालाचा आकडा पायऱ्या उतरावा तैसा उतरला, आणि जलमहाल तितकाच चढत गेला. पठारावरचा वारा मंदावला. बाई गडावरच काट्यापुढे बसून होत्या आणि काटा पन्नासावर होता, कारण इथवरचा हिशेब खरा होता. चारास आठ मिनिटे होती तेव्हां हैबतराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, बाहेर जाऊन पाहून या. काटा मी पाहतो." बाई नको म्हणाल्या. ते म्हणाले, "उभ्या जन्मात एकदा-दोनदाच येतं ते. आणि मी चाळीस वर्षं काटाच पाहिलाय, पळवून नेत नाही." मग बाई वडिलांची जुनी काच घेऊन तटावर गेल्या. मध्याच्या क्षणी काचही खाली घेतली. सूर्याच्या जागी काळे भोक, त्याभोवती पांढरा पिसारा, डोंगराच्या कडेस सांजेसारखा तांबडा पट्टा, आणि खाली राज्यभर दिवे जळत होते. हे दिवे ज्या ज्या ठिकाणाहून येत होते ते ते बाईंच्या मनात एकामागून एक आले, धरणातले पाणी, अणूच्या पोटातली ऊब, काल दुपारी बॅटरीघरात साठविलेले ऊन, आणि पायाखालच्या भट्टीतले ते नेच्याचे पान. बाईंनी कोणास उद्देशून ते कळत नाही, परंतु हात जोडिले. इतक्यात कडेने प्रकाशाचा खडा उमटला आणि बाई धावत काट्याकडे गेल्या.

पाच वीसला मोक्ष जाहला. प्रथम काही जाहले नाही. मग पूर्वेच्या पेठांत बंब लागू लागले आणि मागणी उंचावली, एकवीसशे, बावीसशे, चोवीसशे. हैबतरावांनी तिसरी आणि चौथी भरास आणिल्या. जलमहालाने सगळे दरवाजे उघडिले. काटा एकोणपन्नास दशांश आठवर आला, मग सहावर. पश्चिमेच्या पेठांतूनही कोठे कोठे बंब लागत होते, कारण सगळ्यांनाच धीर धरवतो ऐसे नाही, आणि वीस मेगावॅटची शिल्लक तीन मिनिटांत संपली. काटा चारवर. हैबतराव भट्टीवाल्यांस म्हणाले की दोनशे दहाच्या वर जरा ढकला रे, आज तिला विझायचं नव्हतं, तिचं मन राखा. दोन्ही भट्ट्यांनी आठ आठ अधिक दिले आणि गडाच्या भिंती थरथरू लागल्या. काटा दोनवर आला. एकोणपन्नास दशांश दोन. बाईंनी कोणत्या तारेवर कोणती पेठ त्याची यादी पुढे ओढिली, की तोडावयाचीच पाळी आली तर तारेने न तोडता आपण तोडू, दवाखाने वगळून, आणि पहिले नाव आपल्याच पेठेचे लिहिले. काटा तेथेच थांबला. मग दोनाचे अडीच जाहले. मग तीन. बाईंस वाटले की डोळ्यांस भास जाहला. परंतु चार जाहले, सहा जाहले, आणि सहास पाच मिनिटे असता काटा पन्नासावर येऊन असा उभा राहिला की जणू कधी हललाच नव्हता.

हे कसे जाहले ते पुढे चौकशीत कळो आले. नदीकाठच्या विणकरांच्या पेठेत, चौदा हजार घरे, दवंडी ऐकून लोक चावडीवर जमले होते. त्यांतील म्हाताऱ्या म्हणाल्या की पोर स्वतःच्या तोंडाने चुकले म्हणते आहे, एवढे तर कोणी दरबारी आजवर म्हटले नाही, आपण आज नदीवर न्हाऊ. आणि पौषाच्या थंडीत ती सबंध पेठ नदीत उतरली, कुडकुडली, एकमेकांस हसली आणि घरी गेली. त्यांचे बंब लागलेच नाहीत. आणखी अशा पेठा सात निघाल्या. वाड्यातही आईसाहेबांनी अकरांतले दहा बंब काढविले. महाराज गार पाण्याने न्हाले हे कोणी लिहू नये ऐसी आज्ञा होती, परंतु शिंका सगळ्यांनी ऐकिल्या.

गडावर काकूंनी दिवेलागणीस पाने मांडिली. गरम भात, वरण, मेथीची भाजी आणि वर तूप. भट्टीवाले, हैबतराव आणि बाई एका ओळीत बसले. बाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. काकूंनी विचारिले की तिखट लागले काय. बाईंनी मान हलविली. काकू म्हणाल्या, "मग जेव," आणि आणखी भात वाढिला.

तिसरे दिवशी दरबार भरला. द्वारकाबाई पुढे जाहल्या आणि तोलदारीचा शिक्का महाराजांच्या पायाशी ठेवून मागे सरल्या. मनात एक भय होते, ते शिक्क्याचे नव्हे. भय हे की आपल्या चुकीने कोळसेगडास आता अमरपट्टा मिळणार, आणि फळ्यांवर बोटाने रेघा उमटत राहणार. महाराजांनी प्रथम हैबतरावांस वस्त्रे दिली आणि म्हणाले, "किल्लेदार, राज्य तुम्ही वाचविलेत. मागाल ते देऊ." पंत खाली पाहू लागले, कारण हैबतराव काय मागणार हे सगळ्यांस ठाऊक होते. हैबतराव खोकले, आणि खोकला थांबेपर्यंत सदर थांबली. मग बोलिले, "महाराज, माझ्या भट्ट्या विझवा. माझी नात खालच्या गावात शाळेत जाते. पण दिवस पंतांनी ठरवायचा नाही. दिवस या बाईंनी ठरवायचा, याच शिक्क्यानं. ज्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली त्याचा पुढला हिशेब मी डोळे मिटून मानीन." महाराजांनी शिक्का उचलला आणि स्वतः खाली उतरून बाईंच्या हाती दिला. बाईंनी तो घेतला. पंतांनीही पुढे येऊन बाईंस मुजरा केला, आणि तो मनापासून होता, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

बाईंनी दिवस लगेच सांगितला नाही. त्या आधी गावोगाव हिंडल्या, आणि लोक केव्हां न्हातात, केव्हां दळतात, कोणत्या सणास किती शेगड्या पेटतात, हे घरोघरी जाऊन लिहून आणिले. महाराजांनी सगुणाकाकूंस दरबारात मसलतीची जागा देऊ केली होती. काकूंनी कळविले की बसायला यायला सवड नाही, विचारायला कोणी आले तर चहा देईन, आणि बाई वारंवार जात. डोंगरावर दुसरा तलाव बांधिला, की दुपारच्या उन्हाने पाणी वर चढवावे आणि सांजेस खाली सोडावे. बॅटरीघर घोटभर होते ते हौदभर केले. मग तिसऱ्या वर्षी, राज्यस्थापनेचे वर्ष चौसष्टावे, चैत्र शुद्ध पंचमीस, बाईंचा कागद आला. हैबतरावांनी चौथ्या भट्टीचा कोळसा आपल्या हाते बंद केला. काटा हलला नाही. राज्यात कोणाच्या ध्यानीही आले नाही.

येणेप्रमाणे ग्रहणाची हकीकत संपूर्ण. तात्पर्य इतकेच की सूर्य, वारा आणि पाणी यांनी पुढे राज्य चालविले, कोळशाने ते तेथवर पोहोचविले, आणि दोहोंमधल्या त्या एका सांजेस आठ पेठा नदीत उतरल्या. ज्यांचे ज्यांचे देणे होते त्या सर्वांस नमस्कार. विणकरांच्या म्हाताऱ्यांची नावे मिळाली नाहीत, म्हणोन लिहिली नाहीत. बहुत काय लिहिणे.